इकितोस ते लिमा

तिकिटावर लिहिलं होतं : एक तास पंचेचाळीस मिनिटं.
अंतर हजारेक किलोमीटर.
रस्ता नाहीच. नदी आहे.

त्या नदीवर सहा दिवस, बोटीतल्या झोळीत,
मी पोटात असताना
आईने ओकत काढले होते.
आज तेच पाणी खिडकीखालून सरकलं
ज्यूसचा कप रिकामा व्हायच्या आत.

मांडीवर बिहाओच्या पानात बांधलेला भात.
उतरली तेव्हाही ऊन होता, म्हणे.

मग दोन बस, एक रिक्षा,
शेवटी माझ्या टेकडीच्या एकशे बारा पायऱ्या.
तीसेक किलोमीटर. चार तास.

दार उघडलं.
"फार लांब राहतोस रे," म्हणाली,
आणि गारढोण भाताची गाठ
दातांनी सोडवू लागली.