सार्डिनचा डबा

फडकं पांढरं होतं, म्हणून कळलं.
नाहीतर इंजिनाच्या त्या खणात
काळ्यावर लाल कोण बघतं?
बशीएवढा डाग,
कडेला फिकट, मध्ये गडद.
बोट टेकवलं, हुंगलं.
डिझेल नाही. इंजिनाचं तेलही नाही.
गिअरबॉक्सचं.

फेब्रुवारी. सेन्याच्या पश्चिमेला
कॉड आलाय, अंड्यांनी जड होऊन.
धक्क्यावरची प्रत्येक नाव पहाटे पाचला सुटते
आणि माझी ‘टेर्ना’
दोराला बांधलेली.

टोरलाईव्ह आला, माझ्या बहिणीचा नवरा.
वाकूनसुद्धा पाहिलं नाही त्यानं.
"मागचं सील गेलं," म्हणाला,
"नाव वर ओढ, गिअरबॉक्स खाली उतरव.
तीन आठवडे. चाळीस हजार क्रोनर."
आणि खिशात हात घालून उभा राहिला
जसे पुरुष उभे राहतात
दुसऱ्याच्या खर्चाशेजारी.

मी काही बोलले नाही.
आधी तळच्या पंपाचं बटण बंद केलं.
तो आपोआप सुरू झाला असता
तर बंदरभर इंद्रधनुष्य पसरलं असतं,
आणि बंदरावरच्या ओडवारला
दुसरं काही दिसो न दिसो, तेवढं दिसतं.
मापकाठी पुसली, घातली, काढली.
खुणेच्या नखभर खाली.
एवढ्यानं कुणी मरत नाही.

मग पालथी पडले.
चिंध्या, जुना टूथब्रश, अर्धी बाटली स्पिरिट.
इतकं पुसलं, इतकं घासलं
की कारखान्याचा हिरवा रंग वर आला.
नाव विकत घेतली त्या दिवशीही
तो मला दिसला नव्हता.
त्यावर शिंपडली पावडर,
पायांना लावायची, बुटांच्या खणातली,
मेंथॉलच्या वासाची.

इंजिन सुरू.
पुढे. मागे. पुढे.
दोर ताणले, सैल पडले, धक्का कण्हला.
मी बॅटरी दातांत धरून.

वीस मिनिटं काहीच नाही.

मग पावडरीत केसाएवढी लाल रेघ,
आणि ती मागून नव्हे,
वरून.
कूलरच्या नळीपाशी उगम,
तिथून अंगावरून ओघळत, एक वळण घेत,
थेट मागच्या सीलखाली येऊन टपकत होती,
जणू तिथलीच रहिवासी.
आजार रेड्याला, औषध पखालीला,
तेही चाळीस हजारांचं.

क्लॅम्प होता.
पट्टीचा, साधा, दुकानात टोपलीत पडलेला असतो तसा.
ऑक्टोबरात ती नळी मीच बदलली होती.
बोटं गारठून लाकूड झालेली,
घरी मेंढीचं मटण नि कोबी शिजत ठेवलेला,
आणि मी स्वतःला म्हणाले होते,
उरलेला अर्धा आटा उद्या.

तो अर्धा आटा
चार महिने तिथेच बसून होता.
रागावला नाही. हाक मारली नाही.

स्क्रूड्रायव्हर लावला.
दिला.

थेंब थांबला नाही.
म्हणजे, मिनिटाला एक पडायचा
तो तासाला एक झाला.
नळीच्या तोंडाशी ओरखडा असणार,
ते मे महिन्यात बघू, मासा गेल्यावर.
खाली सार्डिनचा रिकामा डबा सरकवला,
लाल तेलाचा एक कॅन शिडीमागे ठेवला.

"काय निघालं?" टोरलाईव्हनं विचारलं.
"वय," मी म्हणाले.
त्यानं समजूतदारपणे मान डोलावली
आणि आपला डावा गुडघा चोळला.

पहिल्या दिवशी
दर तासाला झाकण उचलून बघत होते,
जाळं अर्धवट सोडून.
तिसऱ्या दिवशी, दोनदा.
आता फक्त डबा खाताना, माझा डबा,
तिचाही बघून घेते.
तळाला एका माशाचा ठसा आहे.
तेल अजून
त्याच्या शेपटीपर्यंतच आलंय.