उतार

महिन्याच्या पहिल्या मंगळवारी डर्मट येतो
कंपनीचा टॅब्लेट काखेत, बुटांना बंदराचा चिखल.
काउंटरवर कोपर टेकून दाखवतो दोन रेघा:
करडी खाली येतेय, गुलाबी वर जातेय,
आणि मधे कुठेतरी, गेल्या फेब्रुवारीत,
दोघी एकमेकींना ओलांडून गेल्यात
जिन्यात भेटणाऱ्या, न बोलणाऱ्या शेजारणींसारख्या.

"ग्लेनिस, तुझ्याकडे सिगारेटचा खप
तिमाहीत अकरा टक्क्यांनी घटला,"
असं म्हणून तो थांबतो.
अभिनंदन करायचं की सांत्वन,
हे त्याला प्रशिक्षणात सांगितलेलं नसावं.

अकरा टक्के म्हणजे कोण कोण, मला ठाऊक आहे.
आठवड्याची सात पाकिटं म्हणजे नॉर्मन स्प्रॅगन.
गोदीवरून सरळ इथे,
नाणी आधीच मोजून मुठीत.
"तेच," एवढंच म्हणायचा.
कायद्यानं पाकिटं राखाडी झडपेआड गेली
तेव्हा मी ती न बघता काढायला शिकले:
वरची फळी, डावीकडून चौथा खण.
नोव्हेंबरात गेला. हात अजून चौथ्या खणापाशी जातो.

तीन पाकिटं मॉरीन उशरची.
तिनं सोडली, दंडावर पट्टी चिकटवून,
आणि आता माझ्याकडून फक्त पेपरमिंट नेते, रागारागानं.
पाच पाकिटं झोफियाची. तिनं काहीच सोडलेलं नाही,
दीपगृहामागे एक निळी व्हॅन उभी राहते
तिथे अर्ध्या किमतीत मिळतात.

रेघेला यातलं काही कळत नाही.
मेलेला, सुटलेली, आडून घेणारी,
तिच्या लेखी तिघांचं नाव एकच: उतार.

आणि गुलाबी?
ती बसते समोर, च्युइंगगमच्या मांडीला मांडी लावून.
आंबा, कलिंगड, निळी रासबेरी
(निळी रासबेरी मी आयुष्यात पाहिलेली नाही).
एकदा वापरून फेकायच्या बंद झाल्या म्हणाले;
आठवड्याच्या आत त्यांच्या सख्ख्या बहिणी आल्या
बुडाला चार्जिंगचं भोक पाडून.
तोंडची वाफ उगीच दवडू नये म्हणतात.
इथे ती सहा पौंडांना विकत मिळते
आणि दवडायला रांग लागते.

शुक्रवारी भाच्याला दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं,
म्हणून संध्याकाळी मीच गल्ल्यावर.
एक मुलगी आली, शाळेचा टाय खिशात कोंबलेला,
भुवया नॉर्मनच्या. त्याची नात, टीगन.
नाणी आधीच मोजून मुठीत.
मान वर न करता म्हणाली, "तेच."

काय तेच?
तिनं मान वर केली, मला पाहिलं,
आणि नाणी परत खिशात गेली
एकेक करून, आवाज न करता.
"चुकून," म्हणाली. "दूध हवं होतं."
दुधाचा फ्रीज तिच्या मागेच होता.
ती त्याच्यावरून बाहेर गेली.

दुकानात कंप्रेसरची घरघर.
मी झडपेला किल्ली लावली, काढली, पुन्हा लावली.
शनिवारी भाचा असतो काउंटरवर.
त्या मंगळवारी डर्मटनं
गुलाबी रेघेच्या टोकदार कंगोऱ्यांवर,
एकेका शनिवारवर बोट ठेवत विचारलं होतं,
अगदी कौतुकानं:
"या दिवशी नेमकं काय करतेस तू?"