इथे हात लावू नये

रुवीतल्या चौथ्या मजल्यावर सालिम म्हणतो,
पाच वर्षांचा आराखडा दे. एका पानावर.
पाणीबिलाची जुनी यंत्रणा कुठून कुठे जाणार,
कोणत्या तिमाहीत काय सुटणार.

मी फळ्यावर चौकोन काढते.
मीटर. ग्राहक. दर. वसुली.
बाण, बाणांवर तारखा,
आणि मधोमध एक गाठ, सगळे बाण जिच्यातून जातात,
जिचं बारसं कुणी केलेलं नाही.

आत उतरले तर बशीर परकार.
मी यायच्या कितीतरी आधी दाभोळला परतलेले.
नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णवनंतर
मीटर शून्यावर येतो;
तेव्हा एखाद्या घराला अख्ख्या समुद्राचं बिल जाऊ नये
म्हणून तेरा ओळी,
आणि वर, रोमन अक्षरांत, मराठी:
इथे हात लावू नये. लावलात तर आधी फोन करा.
खाली नंबर.

सुट्टी गुरुवार-शुक्रवार,
हे मात्र त्यांनी एकेचाळीस ठिकाणी लिहून ठेवलेलं.
दर बदलतील, माणसं बदलतील,
आठवडा कसा बदलेल?
मग एका मे महिन्यात देशानेच आठवडा सरकवला
आणि कुणीतरी रात्रभर
एकेक गुरुवार खोडत बसलं.
दोन राहिलेत अजून. मला सापडले.

ते पाहिल्यापासून मी आधी विचारते,
काय कधीच बदलणार नाही म्हणता?
पहिलं दार तिथेच ठेवते.

पहिल्या वर्षी काही पाडायचं नाही.
जुन्याशेजारी नवं उभं करायचं,
दोघांना एकच बिल करायला लावायचं,
फरक बैशाबैशाने मोजायचा.
दुसऱ्या वर्षी एकेक विलायत नव्याकडे. आधी लहान.
तिसऱ्या वर्षी गाठ.

फोन लावला. खोकत म्हणाले,
"अजून चालतंय ते? मोडा की मग.
शून्यावर आल्यावर काय करायचं
तेवढं नव्याला सांगून ठेवा."

चौथं, पाचवं वर्ष भरते आहे.
माझा व्हिसा दोन वर्षांचा,
त्यातले सात महिने सरले.
गाठीच्या जागी लिहिते:
इथे हात लावावा लागेल. आधी फोन करा.
आणि नंबरापाशी थांबते,
कुठल्या देशाचा देऊ?

सालिम दारातून विचारतो, झालं का पान?