मीठ चवीपुरतं

मैदानाच्या या टोकाला, तात्पुरत्या संडासांच्या रांगेपलीकडे
आमचं टेबल. टेबलावर प्लास्टिक, प्लास्टिकवर पाऊस,
आणि खाली कोरडी, तीनशे पुस्तकं,
बारा पौंडाला एक. सगळे पैसे बचावनौकेला.
ऑर्कनीतला जून आहे हा, रात्री अकरालाही उजेड,
आणि वारा असा की बॅनरवरच्या बड्या माणसांचे गाल
एकदा फुगतात, एकदा खोल जातात.

'या, बघा, नामवंतांच्या घरचे पदार्थ!'
असं ओरडायचं काम रॉग्नव्हाल्डचं.
सतराचा आहे. पुस्तक तोंडापुढे धरून ओरडतो.

एकेचाळीस पत्रं लिहिली मी, हाताने.
टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईंनी टोस्ट कळवला.
एका फुटबॉलपटूनं आईचा फोन नंबर
(आई अडीच तास बोलली, पण ओटकेक छान झाले).
खुनाच्या कादंबऱ्या लिहिणाऱ्या गृहस्थांनी
सुरी कशी धरावी यावर दीड पान.
आणि आयव्हर मॅकस्किमिंगनं,
आज सगळ्यात शेवटी गाणारा तो,
ज्याच्यासाठी हे सगळे घोट्याएवढ्या चिखलात उभे आहेत,
माशाचं सूप.
त्यात पाणी नव्हतं, दूध नव्हतं, मीठ नव्हतं,
मासा कुठला तेही नव्हतं.
होतं एवढंच: प्रेमाने ढवळा.

मी विचारून पाठवलं. मॅनेजरचं एका ओळीत उत्तर:
तुम्हीच भरा काय ते.

भरलं.
धुरावलेला हॅडॉक, पाऊण किलो.
दूध, लोणी, एक कांदा.
बटाटे लिबी करायची तसे, सुरी अर्धी रुतवून
मग मोडलेले, म्हणजे कडा पिठूळ होतात
आणि सूप आपसूक दाटतं.
लिबी माझी नणंद. अठरा हिवाळे ती पातेलं घेऊन
धक्क्यावर उभी राहिली, झाकणाला सुतळी बांधून,
नौका परतली की मग भरायची एकेक.
एका रात्री पातेलं भरलेलंच घरी नेलं.
त्यानंतर तिनं ते केलं नाही
आणि आमच्यात कुणी मागितलं नाही.

शेवटच्या ओळीत मी लिहिलं, मीठ चवीपुरतं.
सगळ्याच पुस्तकांत असतं तसं.
वर नाव त्याचं, नावापुरतं.
पान सत्तावीस.

चारच्या सुमारास तो स्वतः आला,
मागे छत्री धरणारी मुलगी, पुढे कॅमेरा.
कागदी कपातून एक घोट घेतला.
'अगदी मी करतो तसंच,' असं कॅमेऱ्याला म्हणाला.
टाळ्या पडल्या. चाळीस पुस्तकं गेली तेवढ्यात.
कॅमेरा वळल्यावर वाकून, हळूच:
'यात काय काय असतं हो?'
रॉग्नव्हाल्ड म्हणाला, 'पान सत्तावीस.'
तो तिथंच उभा राहून वाचत राहिला स्वतःचं पान,
ओठ हलवत, बटाट्यांपाशी एकदा थांबून.
कप पुन्हा पुढे केला.
जाताना बारा पौंड ठेवले, सुटे.
मी हसले नाही. कुणाच्या मिठाला कुणी जागायचं,
हे मला तरी कुठं ठरवता येतंय.

सोमवारी लिबीचा फोन.
एक प्रत तिच्या दारात ठेवून आले होते मी,
घंटी न वाजवता.
बराच वेळ नुसता श्वास, मागे किटलीचा आवाज.
मग म्हणाली, 'बटाटे मोडायचे लिहिलंस, ते बरं केलंस.
पण मीठ कशाला, थोरा?
मासा आधीच खारवलेला असतो.
मी कधीच घातलं नाही.'
आणि ठेवला.

म्हणजे तेवढं एक
त्या गाणाऱ्याचं बरोबर होतं,
काही ठाऊक नसताना.

दुसऱ्या आवृत्तीचे खर्डे आलेत टेबलावर.
पेन्सिल घेऊन ती ओळ खोडली.
जागा रिकामी दिसते थोडी.
दिसू दे.