पूज्य

"कितव्या वर्षाला?" विचारतो
नाट्यमंडळाच्या टेबलामागचा झिपऱ्या मुलगा,
आणि मी म्हणते, शून्याव्या.
तो हसत नाही. फॉर्मात शून्य नाहीच,
एक, दोन, तीन, आणि 'इतर'.
मी 'इतर'वर फुली मारते.
मनगटावर हिरवा पट्टा, फुकटचं एक पेन,
झालं स्वागत.

आम्ही अकरा जण. तळघरातली खोली,
डोक्यावरून गरम पाण्याचे पाइप गुरगुरत जातात.
पहिल्या आठवड्यात सगळे सगळ्यांशी बोलले,
दुसऱ्यात कुणीच कुणाशी नाही.
लोर्ना स्टॅदर्स, वय त्रेचाळीस,
एकोणीस वर्षं कॅरव्हॅनच्या कारखान्यात खिडक्या बसवत होती.
वर्गात थर्मास आणते,
आणि वर्गमूळ म्हटलं की कानातलं डूल फिरवत बसते.
जेरोमला गणितात एकदा पूज्य, एकदा पूज्याच्या आसपास.
हे तो स्वतःच आधी सांगून टाकतो,
म्हणजे दुसऱ्या कुणाला सांगावं लागत नाही.
रेबीन शेवटच्या बाकावर. काहीच सांगत नाही.

माझी शेवटची बस नऊ चाळीसला.
हलपासून वीदर्नसीपर्यंत तासाभराचा काळोख,
सपाट शेतं, आणि मग समुद्र,
जो दरवर्षी आमच्या किनाऱ्याचा एक घास घेतो.
पार्ट्या सुरू होतात दहाला.
माझ्या वाट्याला दुसऱ्या दिवशीचं उरलंसुरलं :
फोटो, बसलेले घसे,
"तू असायला हवी होतीस".
हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय
की त्याला आता बूडच राहिलेलं नाही.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी लोर्ना म्हणाली,
सोमवारी सगळ्यांसमोर उभं राहायचंय, आणि हे डोकं बघा,
गवताची गंजी. काय पैसे घेतात हल्ली केस कापायचे!
आणि शेवटच्या बाकावरून, सहा आठवड्यांत पहिल्यांदा :
"मी कापतो."

वसतिगृहाचं स्वयंपाकघर, सहा जणांचं,
म्हणजे कुणीच न पुसलेलं.
ओट्यावर चिप्सचा पुडा, वर इथला तो लाल मसाला,
जेरोमने दोनदा भुरभुरलेला.
मधोमध खुर्ची. अंगावर कचऱ्याची काळी पिशवी,
मान घालायला भोक पाडून.
आणि वर्गात स्वतःचं नावसुद्धा पुटपुटणारा हा माणूस
कात्री हातात येताच बोलू लागला :
सुलेमानियातलं बापाचं दुकान, तिथला फुटका आरसा,
गिऱ्हाइकाची मान बघून ओळखावं म्हणे
त्याची झोप झालीय की नाही.
"लोर्ना, तुला टाळूवर दोन भोवरे.
दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं."
"झाली दोन्ही," लोर्ना म्हणाली, "तू काप."

मग जेरोम. मग निरोप मिळून धावत आलेल्या दोघी.
मग वरच्या मजल्यावरचा कुणी, वैद्यकीचा,
दारातच घुटमळत : "रांग आहे का?"
"आहे," जेरोम म्हणाला. "तू कितव्या वर्षाला?"

नऊ पस्तीसला माझं अर्धंच डोकं झालं होतं.
उजवीकडे मी, डावीकडे कालची मी.
बस गेली.
कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही, मीही नाही.

शेवटी खुर्ची उचलली
तेव्हा फरशीवर केसांचा एक गोल राहिला,
काळे, तांबूस, लोर्नाचे पांढरे, सगळे एकात,
आणि मधे काहीच नाही.
लोर्ना झाडू घेऊन आली
आणि जरा वेळ तशीच उभी राहिली.

त्या रात्री मी तिच्या सोफ्यावर झोपले.
सकाळी बसच्या खिडकीतून वारा आला
मानेच्या त्या जागी, जिथे तो कधी आला नव्हता.

मार्चपासून जेरोम येत नाही.
गोदामात रात्रपाळी मिळाली, एवढंच कळवलं,
गणितातली तिसरी खेप बघायला थांबला नाही.
ग्रुपमधून मात्र बाहेर पडलेला नाही.
दर सहा आठवड्यांनी रेबीन तिथे लिहितो :
जेरोम, तुझा नंबर.