वेढे

कुवेतच्या विमानतळावर एका पोरसवदा अधिकाऱ्यानं
वेखंडाचा तुकडा नाकाशी धरला, शिंकला,
आणि माझ्याकडे पाहिलं.
"बेबी," मी म्हणाले. "बेबी स्टमक."
सहाण त्यानं दोन्ही हातांनी उचलून पाहिली,
दगडच आहे याची खात्री केली
आणि दगड देशात घेतला.

तेव्हापासून ती फाहाहीलमध्ये, सातव्या मजल्यावर,
मायक्रोवेव्हच्या शेजारी आहे.
खिडकीतून रिफायनरीची ज्योत दिसते,
कुणीतरी गॅस बारीक करायला विसरल्यासारखी.
मकरंद तिथेच असतो,
प्रेशरचे काटे शून्यावर आणतो.
मी घरी वेढे मोजते.
हळकुंडाचे दोन, जायफळाचा अर्धा,
मुरडशेंगेचा एक,
वेखंड नुसतं टेकवायचं.

भांडण म्हणावं तर झालं नाही.
पाचव्या महिन्यातल्या सुईनंतर
ऋजू रात्रभर तापली होती.
रडली नाही, कण्हत राहिली, म्हाताऱ्या बाईसारखी.
ते मी ऐकलंय. तो नाइट शिफ्टला होता.
म्हणून वर्षाची सुई आली तेव्हा
मी म्हटलं, थांबू.
तो म्हणाला, किती?
मी म्हटलं, बघू.

मग त्या "बघू"त हळूहळू सामान भरत गेलं.
सालमियातल्या एका बाईंच्या साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्या,
मैत्रिणीच्या दिरानं पाठवलेला काढा,
कडुलिंबाचा पाला. तो इथे मिळतो, रस्त्याच्या दुभाजकावर,
पण तीन पाण्यांनी धुवावा लागतो.
लसीचं कार्ड टीव्हीखालच्या खणात.
ते उजवीकडून उघडतं.
मी सवयीनं उलट्या बाजूनं उघडते
आणि दर वेळी आधी हाताला लागते
ती रिकामी चौकट.

मकरंद एकदाच बोलला,
"बिघडलेला काटाही दिसायला बरोबरच दिसतो."
मी म्हटलं, पोर काटा नाहीये.
तो म्हणाला, मी पोरीबद्दल नाही बोलत.

शेवटी राजापूरला शेट्येकाकांना फोन लावला.
काष्ठौषधींचं दुकान. माझी गुटी त्यांच्याकडची,
आईची त्यांच्या वडिलांकडची.
विचारलं, गोवरासाठी कशाचे किती वेढे?
"काय?"
गोवर. गोवर होऊ नये म्हणून.
"मोठ्यानं बोल गं. थांब, फोन उजवीकडे घेतो."

फोन या कानावरून त्या कानावर जाईपर्यंत
शाळेतून येणारी आम्ही पोरं मला दिसली,
गल्ल्याच्या उजव्या बाजूला गर्दी करून उभी.
कुणी शिकवलं होतं आठवत नाही.
डावीकडून मागितलेली आवळासुपारी मिळायचीच नाही.
काकांना लहानपणी गोवर आला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं,
दुकान सोमवारी बंद असतं हे ठाऊक असावं, तसं.

"हां, बोल आता. कशासाठी म्हणालीस?"
मागे तराजूत काहीतरी पडलं.
मी म्हटलं, काही नाही काका. पोटासाठी.
"पोटाला पाठवलीय ती पुरेल," ते म्हणाले.
"सहाण कोरडी ठेव. बाकी बरी आहे ना पोर?"

मंगळवारी गेलो.
दवाखान्यात एसी इतका, की शेजारच्या बाईनं
न विचारता आपल्या अबायाचं टोक ऋजूच्या पायांवर ओढलं.
"डोळे मिटा," कोट्टयमची शिजीमोल सिस्टर म्हणाली,
पोरीला नाही, मला.
मी मिटले नाहीत.

आठव्या दिवशी ताप आला, सिस्टरनं सांगितला होता तसा.
मी घाबरले, मागच्याइतकीच.
ठाऊक असल्यानं भीती कमी होते म्हणतात,
झाली नाही.
ड्रॉपर, ओलं फडकं, घड्याळ, पुन्हा फडकं.

पहाटे मकरंद आला, बूट हातात घेऊन.
कपाळ गार होतं. ज्योत उजेडात फिकी पडली होती.
मी ऋजूच्या डाव्या बाजूला बसून
सहाणेवर चमचा वाजवला, हलकेच.
तिनं मान वळवली.
पुन्हा वाजवला.
"झोपू दे की तिला," मकरंद म्हणाला.