दाणा

शनिवारच्या एसटीने फाट्यावर उतरले,
ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधलेले
नमुन्याचे दोन तुकडे.
शुक्रवारपर्यंत ती एक कांडी होती,
बोटभर लांब, मधोमध मुद्दाम पाडलेली खाच.
उणे वीसला गोठवून लंबकाच्या वाटेत ठेवली.
लंबक आला
आणि वाटेत कुणी नव्हतंच अशा थाटात पलीकडे गेला.
सत्तावीस जूल हवे होते.
अकरा भरले.

साहेब म्हणाले, ताकद तर भरपूर आहे हो हिच्यात.
होती. ताणून पाहिली तेव्हा
कागदावरच्या प्रत्येक रकान्यात पास.

अंजिरामामी घण मारत होती.
मामा सांडशी धरतो, डोळ्यांनीच सांगतो कुठे;
ती कुठे ते आधीच मारून मोकळी होते.
ट्रकच्या जुन्या पाट्यातून वखराची पास निघत होती.
लाल झालेली पास टाकीत बुडाली,
पाणी ओरडलं,
मामीने ती विटेने घासून चकचकीत केली
आणि पुन्हा विस्तवाजवळ नेली, आत नाही, जवळ.

मग आम्ही तिघं नुसते बघत बसलो.
आधी गव्हांड्याचा पिवळा सरकत आला,
मग वांग्याचा जांभळा,
आणि जवसाच्या फुलाचा निळा धारेशी पोचला तशी
मामी म्हणाली, "बस."

मी या निळ्याला तीनशे अंश म्हणते.
म्हणते की विझवताना कोंडला गेलेला कार्बन
या उबेत थोडा हातपाय पसरतो.
मामीला मी हे सांगितलं.
"मंग बरोबर हाय," ती म्हणाली, "कोंडलेलं मानूस बी असंच तुटते.
कडक तं काच बी असते वं,
काचेची पास करतं का कोनी?"

मी गाठ सोडली.
तिने तुकडा उन्हात धरला, तुटला होता तिकडून.
चष्मा नाही. भिंग नाही.
आमच्याकडे यासाठी एक खोली आहे,
थंड, चपला बाहेर काढून जायची,
आणि सोमवारपर्यंत तिथे नंबर लागत नाही.
"हे पाय," ती म्हणाली,
"दाना ज्वारीएवढा झाला.
राजगिऱ्यावानी पाह्यजे.
तुह्या भट्टीवाल्यानं भल्ला येळ शिजवलं याले."

दाणा बारीक, तर ताकदही वाढते, चिवटपणाही;
नाहीतर एक घ्यावं तर दुसरं हातचं जातं.
परीक्षेत हे वाक्य मी दोनदा अधोरेखित केलं होतं.
भट्टीतल्या तापमापीवर
मात्र गेल्या पावसाळ्यापासून कुणी संशय घेतला नव्हता.
मीही नाही.

खरं असेल का, माहीत नाही.
सोमवारी तापमापी काढून पाहायला सांगेन.
ती बरोबर निघाली तर साहेब विचारतील, कुणी सांगितलं,
आणि मला उत्तर द्यावं लागेल.

चहा होईपर्यंत मामीने एक तुकडा तापवला,
चार ठोक्यांत चपटा केला,
आणि घणाच्या हलणाऱ्या दांड्यात
पाचर म्हणून ठोकून टाकला.
"मामी, तो परत न्यायचा होता!"
"नापासच हाय ना?"

आता नोंदवहीत
तुकडे दोन असं लिहिलंय माझ्याच अक्षरात.
गाठीत एक आहे.